सायकलला रंगीत लाइट लावली तर चालते का?



दिवाळी सरली की दिवस लहान होतो. नोव्हेंबर-डिसेंबरात विदर्भात साडेपाचलाच सूर्य मावळतो, पश्चिम महाराष्ट्रात सहाच्या आसपास. शाळा, जादा तास, कॉम्प्युटरचा क्लास आटोपून पोरी सायकलवर घरी निघतात तेव्हा अंधारून आलेलं असतं. नेमक्या याच दिवसांत उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. पहाटे दूध घालायला, भाजी घेऊन बाजाराला जाणाऱ्यांचीही तीच गत.

मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. त्यामुळे कितीतरी पोरींची शाळा सुटता सुटता राहिली. पण सायकल दारात आली तरी तिच्यावर दिवा आहे का, हे आपण क्वचितच बघतो. पोरं मात्र बघतात! बाजारात हल्ली चाकाच्या व्हॉल्व्हला बसणारे रंगीत दिवे मिळतात, तारांमध्ये गुंडाळायच्या हिरव्या-जांभळ्या एलईडी पट्ट्या मिळतात, पोलिसांच्या गाडीसारखे लाल-निळे लुकलुकणारे दिवेही मिळतात. पोरगं हट्ट धरतं आणि आई विचारते, "हे लावलं तर चालतं का गं? पोलीस पकडतील का?"

थोडक्यात उत्तर असं: पुढे पांढरा दिवा आणि मागे लाल दिवा हवाच. बाजूला पिवळा किंवा नारिंगी रिफ्लेक्टर चांगला. बाकीचे रंग शोभेचे. त्यातला पुढचा लाल आणि पोलिसांसारखा लाल-निळा दिवा तर लावूच नये. आता हे असं का, ते सविस्तर बघूया.

रंग म्हणजे रस्त्याची भाषा

अंधारात गाडी चालवणाऱ्याला माणूस दिसत नाही, सायकल दिसत नाही, फक्त दिव्याचा ठिपका दिसतो. तेवढ्या ठिपक्यावरून त्याला क्षणात ठरवायचं असतं की समोरचं वाहन आपल्याकडे येतंय की आपल्यापुढे चाललंय. पांढरा दिसला की तो समजतो, समोरून कुणीतरी येतंय. लाल दिसला की समजतो, पुढे कुणीतरी चाललंय, वेग कमी करायला पाहिजे. पिवळा-नारिंगी लुकलुकला की कुणीतरी वळतंय. लाल-निळा झगमगला की पोलीस, अग्निशमन अशी तातडीची गाडी.

आता सायकलच्या हँडलला लाल दिवा लावला तर काय होईल? समोरच्या ट्रकवाल्याला वाटेल, पुढे कुणीतरी त्याच्याच दिशेनं जातंय. खरं तर तुमची पोरगी त्याच्या समोरून येत असते. मागे पांढरा दिवा लावला की नेमका उलटा घोटाळा. म्हणजे दिवा असूनही चुकीचा निरोप गेला. हिरव्या-जांभळ्या दिव्यांचं वेगळंच. त्यांचा रस्त्यावर काही ठरलेला अर्थच नाही. काहीतरी चमकतंय एवढं कळतं, पण ते येतंय का जातंय, हे कळत नाही.

कायदा काय म्हणतो?

पहिली गोष्ट, साधी पायडलची सायकल ही कायद्यानं 'मोटार वाहन' नाही. तिला नंबर प्लेट नाही, चालवायला लायसन्स लागत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आणि त्याखालचे केंद्रीय नियम १९८९ सालचे. त्यातला नियम १०८ दिव्यांच्या रंगाचा आहे. मोटार वाहनाने पुढच्या बाजूला लाल दिवा दाखवायचा नाही, आणि मागे लाल सोडून दुसऱ्या रंगाचा दिवा दाखवायचा नाही. इंडिकेटर, नंबर प्लेटवरचा दिवा, रिव्हर्सचा दिवा यांना त्यात सवलत आहे. याच नियमात २०१७ साली बदल झाला आणि १ मेपासून मंत्र्या-अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले. तातडीच्या कामाच्या गाड्यांनाच तेवढी मुभा राहिली.

हा नियम मोटारसायकल, ट्रॅक्टर, पिकअप यांना थेट लागू आहे. म्हणून घरच्या पोरानं मोटारसायकलला पुढे लाल-निळ्या पट्ट्या लावल्या असतील तर त्या आधी काढायला लावा. दंडाची पावती फाटू शकते. साध्या सायकलला मात्र हा नियम थेट लागू होत नाही. म्हणजे चाकात हिरवी लाइट लावली म्हणून या नियमाखाली सायकलवाल्याला दंड होत नाही.

मग सायकलला नियमच नाही का? तसंही नाही. जुन्या माणसांना विचारा, ती सांगतील. रात्री बिनदिव्याची सायकल दिसली की हवालदार शिट्टी मारून थांबवायचा, दंड करायचा नाहीतर चाकाची हवा सोडायचा. डायनामो घासत, घरघर करत सायकली चालायच्या त्या यामुळेच. तो अधिकार महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ मधून येतो. त्याच्या कलम ३३ नुसार पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी आपल्या हद्दीत वाहतुकीचे नियम करू शकतात. रस्त्यावरच्या वाहनांना किती दिवे हवेत, कुठे हवेत आणि कोणत्या वेळेत लावायचे, हेही त्यात येतं. म्हणून तुमच्या जिल्ह्यात सायकलच्या दिव्याबद्दल काही आदेश आहे का, हे पोलीस ठाण्यात विचारून घ्यावं. ग्रामसंघाच्या पत्रावर विचारलं तर आणखी बरं.

जगातही हेच चालतं. रस्ते वाहतुकीचा एक आंतरराष्ट्रीय करार १९६८ साली व्हिएन्ना शहरात झाला. भारत त्यात १९८० पासून आहे. सायकलला पुढे पांढरा किंवा पिवळसर दिवा, मागे लाल दिवा आणि मागे लाल रिफ्लेक्टर असावा, असं त्यात लिहिलेलं आहे. म्हणून कोणत्याही देशात गेलात तरी पुढे पांढरा, मागे लाल हे बदलत नाही.

इलेक्ट्रिक सायकल घेताय?

इथे जरा जपून. इलेक्ट्रिक सायकलची मोटार २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची असेल आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत राहत असेल, तर ती मोटार वाहन धरली जात नाही. मात्र सरकारमान्य तपासणी संस्थेनं त्या मॉडेलला तसं प्रमाणपत्र दिलेलं असावं लागतं. त्यातली एक अट अशी की तिला पुढे एक पांढरा आणि मागे एक लाल रिफ्लेक्टर असायलाच हवा. बघा, इथे कायद्यानंच रंग सांगितला आहे.

दुकानदार "ताई, ही तर चाळीसनं पळते" असं कौतुकानं सांगत असेल, तर ती सायकल राहत नाही. मग नोंदणी, लायसन्स, विमा सगळं लागतं आणि दिव्याचे नियमही मोटारसायकलसारखे. कर्ज काढून घेण्याआधी कागद बघा.

दिसणं आणि चमकणं यात फरक आहे

ताशी ६० किलोमीटर वेगानं येणारी गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर पुढे येते. ड्रायव्हरला दिसलं, डोक्यात शिरलं, पाय ब्रेकवर गेला, एवढ्यात सेकंद-दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी २०-२५ मीटर पुढे आलेली असते. ब्रेक दाबल्यावरही ती जागच्या जागी थांबत नाही. म्हणून सायकल लांबूनच दिसायला पाहिजे.

आणखी एक गोष्ट बायकांनी लक्षात ठेवण्यासारखी. आपल्याला लाल, मरून, गडद निळा असे रंग आवडतात. पण कमी उजेडात आपल्या डोळ्याला लाल रंग फार कमी दिसतो. दिवसा उठून दिसणारी लाल साडी रात्री काळपट दिसते. पांढरी ओढणी, फिकट पिवळा स्वेटर त्यापेक्षा बरा. मग मागचा दिवा लाल का चालतो? कारण तो स्वतः उजेड देतो, कापड देत नाही.

रिफ्लेक्टरचं काम वेगळं असतं. त्यात स्वतःचा उजेड नसतो. गाडीच्या हेडलाइटचा उजेड त्यावर पडला की तो आला त्याच दिशेनं परत जातो आणि ड्रायव्हरला चमक दिसते. म्हणून बॅटरी संपली तरी रिफ्लेक्टर काम करतो. पण त्यावर चिखल-धूळ बसली किंवा करियरवर दप्तर, किटली, गवताचा भारा ठेवून तो झाकला गेला, तर असून नसल्यासारखा. दिव्याचंही तेच. पदर-ओढणी दिव्यावर येत नाही ना, ते निघताना बघा.

पायडलच्या दोन्ही कडांना पिवळे रिफ्लेक्टर असतात, ते तोडून टाकू नका. पाय वरखाली होतो तशी ती चमकही वरखाली होते, आणि ही सायकल आहे हे ड्रायव्हरला लांबून कळतं. नवी सायकल घेताना पुढे, मागे, चाकांत आणि पायडलवर रिफ्लेक्टर आहेत का, ते मोजून घ्या.

काय लावावं, काय टाळावं

* हँडलला पांढरा दिवा. तोंड थोडं खाली, म्हणजे समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत.
* मागे सीटखाली किंवा मडगार्डवर लाल दिवा आणि लाल रिफ्लेक्टर. दोन्ही हवेत.
* दिवा सलग पेटता ठेवलेला बरा. सारखा लुकलुकणारा दिवा लक्ष वेधतो, पण अंधारात सायकल किती लांब आहे याचा अंदाज त्यावरून नीट येत नाही.
* चाकाच्या तारांत पिवळे किंवा पांढरे रिफ्लेक्टर. चौकात आडव्या येणाऱ्या गाडीला सायकल बाजूनं दिसते.
* रिफ्लेक्टरची चिकटपट्टी मिळाली तर पांढरी पुढे, लाल मागे, पिवळी बाजूला. ट्रकलाही याच क्रमानं लावतात.
* पोराला चाकात रंगीत लाइट हवीच असेल तर पुढचा-मागचा दिवा आधी बसवा, मग शोभेचं बघा.
* पुढे लाल, मागे पांढरा आणि लाल-निळा झगमगणारा दिवा नको.
* हातात बॅटरी किंवा मोबाईल धरून एका हातानं सायकल चालवू नये. बॅटरी हँडलला पक्की बांधावी.

अपघात झालाच तर

कुणावर अशी वेळ न येवो. पण माहिती असलेली बरी. सायकलस्वाराला गाडीनं धडक दिली आणि नुकसानभरपाईचा दावा न्यायाधिकरणापुढे गेला, तर विमा कंपनीचा वकील म्हणू शकतो की सायकलला दिवाच नव्हता, चूक सायकलस्वाराचीही आहे. तसं ठरलं तर भरपाई कमी होऊ शकते. दिवा नव्हता म्हणून धडक देणारा आपोआप सुटत नाही, पण आपली बाजू लंगडी पडते. म्हणून पंचनाम्यात सायकलचा दिवा, रिफ्लेक्टर यांची नोंद झाली का, हे घरच्यांनी बघावं आणि सायकलचे फोटो काढून ठेवावेत.

धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी सरकारी योजना आहे. १ एप्रिल २०२२ पासून अशा अपघातात मृत्यू झाल्यास २ लाख रुपये आणि गंभीर दुखापत झाल्यास ५० हजार रुपये मिळतात. अर्जासाठी तहसील किंवा प्रांत कार्यालयात चौकशी करा. त्यासाठी पोलिसात नोंद झालेली असणं गरजेचं आहे.

गटानं काय करता येईल?

पुढच्या मासिक बैठकीत एक विषय घ्या. आपल्या गटातल्या घरांत सायकली किती, त्यातल्या किती अंधारात चालतात आणि किती सायकलींना पुढचा-मागचा दिवा आहे, हे वहीत लिहा. सीआरपी ताईंनी सगळ्या गटांची यादी ग्रामसंघात आणली की गावाचा आकडा कळेल. साधा मागचा दिवा शंभर-दोनशे रुपयांच्या घरात येतो. ग्रामसंघानं एकत्र खरेदी केली तर भाव आणखी खाली येतो. ज्यांना एकदम पैसे देणं जड जातं त्यांना गटातून छोटं अंतर्गत कर्ज देता येईल. चिकटपट्टीचा एक मोठा रोल आणला तर कितीतरी सायकली होतात. उरलेल्या पट्टीतून गावातल्या बैलगाड्या आणि ट्रॉल्यांच्या मागच्या बाजूही करून घ्या. अंधारात आपल्या पोरींच्या सायकली त्याच ट्रॉल्यांच्या मागे असतात.

शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून एक दिवस सायकल तपासणी ठेवता येईल. गावातला सायकल दुरुस्तीवाला दादा सोबत असला तर ब्रेक, घंटी, दिवा सगळं एकदम बघून होईल.

सायकल मिळाली म्हणून पोरगी शाळेत जायला लागली. आता अंधार पडतो म्हणून तिचा क्लास बंद करायची वेळ येऊ नये. आज रात्री घरातली सायकल अंगणात उभी करा, पन्नास पावलं लांब जा आणि तिच्यावर बॅटरी मारून बघा. पुढून पांढरं आणि मागून लाल चमकलं तर ठीक. नाही चमकलं तर उद्याच्या बाजाराच्या यादीत दिवा लिहा.