राजापूरची वखार व गुमास्त्यांचा खाजगी व्यापार

शिवचरित्राचा पाठ शिकविताना पन्हाळ्याच्या वेढ्याचा प्रसंग येतो. सिद्दी जौहराच्या छावणीत राजापूरचे इंग्रज तोफ व गोळे घेऊन दाखल झाले, हे सांगितले म्हणजे वर्गातून एक प्रश्न हटकून निघतो : इंग्रज तर व्यापारासाठी आले होते, मग ते लढाईत का पडले? ‘ते कपटी होते’ एवढ्या उत्तराने मुले गप्प बसतात; परंतु त्यांना काही उमगले असे होत नाही. खरे उत्तर हवे असेल तर त्या काळचा हा व्यापार कोण करीत होते, कोणाच्या पैशाने करीत होते आणि त्याचा हिशेब कोणाला देत होते, हे पाहावे लागते.

तासगावच्या शिक्षकाला यासाठी दृष्टांत शोधीत दूर जावयास नको. येथला शेतकरी द्राक्षांचा बेदाणा करून बाजारात आणतो. तो स्वतः गिऱ्हाइकाशी बोलत नाही. माल अडत्याच्या दुकानी उतरतो, सौदा निघतो, बोली होते, आणि अडत्या हिशेबाची पट्टी करून पैसे चुकते करतो. या कामाबद्दल त्याला अडत मिळते. माल एकाचा, विकणारा दुसरा. शेतकऱ्याला पट्टीत काही खटकले तर तो त्याच दिवशी दुकानाची पायरी चढून जाब विचारू शकतो, शेजाऱ्याला काय दर मिळाला ते पाहू शकतो, आणि पुढच्या हंगामात अडत्या बदलू शकतो. आता अशी कल्पना करावी की, शेतकरी लंडनला आहे, अडत्या राजापूरला आहे, आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यावयास दीड-दोन वर्षे लागतात. सतराव्या शतकातील इंग्रजांच्या व्यापाराची ही खरी अडचण होती.

इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला ३१ डिसेंबर १६०० रोजी राणी एलिझाबेथकडून सनद मिळाली. कंपनीचे भागीदार लंडनमध्ये बसत. त्यांच्या वतीने परदेशात राहून खरेदीविक्री करणाऱ्यास इंग्रजीत ‘फॅक्टर’ म्हणत. आपला शब्द गुमास्ता. हे गुमास्ते जेथे राहत व माल साठवीत ती ‘फॅक्टरी’. आज या शब्दाने कारखान्याचा बोध होतो आणि त्यामुळे मुलांचा गोंधळ उडतो. सुरतेस किंवा राजापुरास इंग्रजांनी यंत्रे लावली नव्हती. मराठीतील ‘वखार’ हा शब्दच येथे नेमका आहे.

गुमास्त्याला मोकळीक दिल्यावाचून धन्याचा इलाजच नव्हता. जहाजे वाऱ्याच्या ऋतुमानाने चालत. विलायतेहून वर्षाच्या आरंभी निघालेले जहाज आफ्रिकेला वळसा घालून पावसाळा सरता सरता सुरतेस लागे, आणि परतीचे जहाज हिवाळ्यात निघे. या वर्षी मिरे घ्यावेत की कापड घ्यावे, अमुक सरदाराला उधार द्यावे की न द्यावे, हे लंडनला विचारून ठरविणे अशक्य होते. पत्र पोचेपर्यंत मिऱ्यांचा हंगाम उलटून गेलेला असे. कधी कधी पत्र लिहिणारा गुमास्ताही मातीआड झालेला असे.

त्यात पगाराची गोष्ट विलक्षण होती. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात नवशिक्या लेखनिकाला वर्षाला १० पौंड मिळत, आणि पुढे फॅक्टर झाल्यावर २० पौंड. एवढ्यासाठी कोणी तरुण सहा-आठ महिन्यांचा सागरप्रवास करून तापाच्या हवेत मरावयास येणार नाही. तो येई तो स्वतःचा व्यापार करावयास. कंपनीची नोकरी ही त्याची उभे राहण्याची जागा होती, कमाई मात्र वेगळी होती. मालकालाही हे ठाऊक होते. तो पगार वाढवीत नसे व व्यापारही सर्वस्वी बंद करू शकत नसे. आरंभी कंपनीने खाजगी व्यापाराविरुद्ध कडक हुकूम काढले. पुढे तिने तडजोड केली : विलायत आणि हिंदुस्थान यांच्यामधला मार्ग स्वतःसाठी राखला व आशियातील बंदराबंदरांतला व्यापार नोकरांना हळूहळू मोकळा केला.

हा खाजगी व्यापार चाले तो असा. सुरतेच्या गुमास्त्याजवळ भांडवल नसे, म्हणून तो तेथील सावकाराकडून कर्ज काढी. कर्जाचा एक प्रकार असा होता की, जहाज बुडाले तर कर्जही बुडाले, आणि जहाज सुखरूप पोचले तर जबर व्याजासह फेड. त्या पैशाने तो कापड घेई आणि मोखा, बसरा अथवा इराणच्या बंदरात असलेल्या आपल्या एखाद्या देशबांधवाकडे पाठवी. तेथला गृहस्थ माल विकून, आपले कमिशन ठेवून, दुसरा माल किंवा रोकड उलट पाठवी. पुढच्या खेपेला हा त्याच्यासाठी तेच काम करी. अशा रीतीने प्रत्येक जण एकाच वेळी धनीही असे व गुमास्ताही असे. कागदाचा करार होई. पण परक्या मुलखात दूरच्या माणसावर फिर्याद कोठे लावणार? खरा जामीन म्हणजे त्या माणसाची पत. एकाला फसविल्याची बातमी पत्रांतून दहा बंदरांत पसरे आणि मग त्याचा माल कोणी हाताळीत नसे. मिळविलेला पैसा मायदेशी नेण्यासाठी हिरे फार सोयीचे पडत. किंवा येथे कंपनीच्या खजिन्यात रक्कम भरून लंडनला हुंडी वटवीत.

गुमास्ता मेला म्हणजे खरी पंचाईत होई. त्याच्या कोठडीतील गाठोडी कोणाची? काही कंपनीची, काही त्याची, काही मोख्याच्या मित्राची, काही सावकाराकडे गहाण. इंग्लंडातील विधवा व मुले वर्षानुवर्षे हिशेबाची वाट पाहत बसत.

या साखळीत येथील माणसांचा वाटा मोठा होता, आणि पाठ्यपुस्तकांत तो बहुधा येत नाही. भाषा, दर, विणकरांची पत, सरदारांचे स्वभाव, ही सारी माहिती देशी दलालाजवळ असे. सुरतेचा भीमजी पारेख हा कंपनीचा प्रसिद्ध दलाल. आपल्याकडील ग्रंथ छापावेत म्हणून त्याने कंपनीमार्फत विलायतेहून मुद्रक मागविला आणि १६७४ साली हेन्री हिल नावाचा मुद्रक मुंबईस आला. त्याला छपाई येत होती, परंतु देशी लिपीचे खिळे पाडण्याची विद्या येत नव्हती, आणि तो उद्योग तसाच राहिला. शाळेत छापील पुस्तक हाती घेणाऱ्या प्रत्येकाने ही हकीकत ऐकावी अशी आहे.

मोह किती मोठा होता हे कंपनीच्याच एका नेमणुकीवरून दिसते. १६६२ साली सर जॉर्ज ऑक्झेंडन यास सुरतेचा मुख्य म्हणून पाठविताना खाजगी व्यापार मोडून काढण्याचे काम त्याजवर सोपविले होते. त्याचा वार्षिक पगार ३०० पौंड, आणि त्याला स्वतःला खाजगी व्यापाराची भुरळ पडू नये म्हणून आणखी २०० पौंड! १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा इंग्रजांची वखार राखणारा तो हाच.

दुसरे उदाहरण मद्रासचे. एलिहू येल हा १६८७ ते १६९२ पर्यंत तेथील गव्हर्नर होता. खाजगी व्यापाराच्या तक्रारींमुळे त्याला काढून टाकण्यात आले, परंतु तोवर तो गबर झाला होता. त्याच्या कारभारात मद्रासेहून गुलामही जहाजांत चढविले गेले. पुढे १७१८ साली त्याने अमेरिकेतील एका लहान विद्यालयास नऊ गठ्ठे माल, काही पुस्तके आणि राजाची तसबीर भेट दिली. माल विकून इमारतीला पैसा उभा राहिला व विद्यालयाने त्याचे नाव घेतले. येल विद्यापीठ म्हणून जगभर गाजलेली संस्था तीच.

आता राजापूरकडे वळावे. अर्जुना नदीवरचे हे बंदर आदिलशाहीच्या घाटमाथ्यावरील मुलखाचे दार होते. कोल्हापूर, रायबाग, हुबळी अशा बाजारांचा माल घाट उतरून येथे येई. मिरे, वेलदोडे व कापड बाहेर जाई. लोकरी कापड, शिसे, पोवळी आत येत. सांगलीच्या पेठेत आजही हळदीच्या एका जातीला ‘राजापुरी’ म्हणतात, हे या भागातील मुलांना सांगण्याजोगे आहे. येथील पहिली इंग्रजी वखार कंपनीने काढलेली नव्हती. १६३५ साली इंग्लंडच्या राजाने कंपनीचा मक्ता बाजूस सारून सर विल्यम कोर्टीनच्या मंडळीला पूर्वेकडील व्यापाराची परवानगी दिली आणि त्यांची माणसे राजापुरास येऊन बसली. म्हणजे एकाच राजाचे प्रजाजन एकाच किनाऱ्यावर परस्परांचे वैरी होते. कोर्टीनची मंडळी बुडाल्यावर १६४९ च्या सुमारास कंपनीने तेथे आपले बस्तान मांडले.

अफझलखानाच्या वधानंतर १६६० च्या आरंभी महाराजांचे लोक राजापुरास आले. खानाच्या गलबतांवरून तंटा होऊन इंग्रजांचा दलाल व फिलिप गिफर्ड नावाचा गुमास्ता यांना अटक झाली. ते सुटतात न सुटतात तोच वखारीचा मुख्य हेन्री रेव्हिंग्टन याने वेगळाच डाव मांडला. सिद्दी जौहराने पन्हाळ्यास वेढा दिला होता. जिंकणारी बाजू ओळखून तिला दारूगोळा पुरवावा म्हणजे पुढे मेहरबानी व नफा दोन्ही मिळतील, असा त्याचा हिशेब. तोफ व गोळे घेऊन तो घाट चढून पन्हाळ्यास गेला, आणि इंग्रजी निशाण लावून गडावर गोळे सोडण्यात आले. लंडनचा हुकूम नव्हता. तो मागवून येण्याइतका वेळच नव्हता. महाराज १६६० च्या जुलैत वेढ्यातून निसटले व विशाळगडी पोचले. रेव्हिंग्टनचा आडाखा चुकला.

१६६१ च्या मार्चमध्ये महाराजांनी राजापूर घेतले, वखार खणून काढली व रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैद केले. त्यांपैकी काहींना सातारा जिल्ह्यातील वासोट्यावर ठेवले होते. कैदी सुरतेकडे सुटकेसाठी पत्रांमागून पत्रे धाडीत होते. सुरतेहून जे उत्तर आले त्याचा आशय असा : तुम्ही कैदेत का पडलात हे तुम्हांस ठाऊक आहे, कंपनीचा माल राखताना नव्हे, तर पन्हाळ्यास जाऊन इंग्रजांचे म्हणून ओळखले जाणारे निशाण लावून गोळे फेकल्यामुळे. कैद्यांची सुटका १६६३ च्या फेब्रुवारीत झाली.

वर्गातील प्रश्नाचे उत्तर या पत्रात आहे. नफा झाला असता तर तो वखारीचा ठरला असता. नुकसान झाले तेव्हा कृत्य गुमास्त्याचे एकट्याचे ठरले. सुरतकरांच्या म्हणण्यात कायद्याच्या दृष्टीने तथ्य असेलही. परंतु गडावर ज्यांच्या अंगावर गोळे पडत होते त्यांनी निशाण पाहावयाचे की त्यामागचा हिशेब? महाराजांनी निशाण पाहिले आणि वखारीला जबाबदार धरले. यापेक्षा वेगळा न्याय त्यांनी का करावा, हे सांगणे कठीण आहे.

पुढे अर्धशतकानंतर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांविषयी जो सावधगिरीचा इशारा आला त्याचे मूळ अशाच अनुभवांत आहे. सावकार हे राज्याचे भूषण, पण टोपीकर इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत. त्यांना समुद्रकाठी जागा देऊ नये, वखार द्यावयाची तर मोठ्या शहरात द्यावी आणि पक्की इमारत बांधू देऊ नये, असे अमात्य सांगतात. गंमत अशी की, त्यांचे राजे व मालक त्याच काळात आपले गुमास्ते ऐकत नाहीत म्हणून कपाळाला हात लावीत होते.

वर्गात हा भाग घेताना दोन मुलांना लंडनचा धनी व राजापूरचा गुमास्ता करावे, व धन्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर गुमास्त्याने चार दिवसांनी द्यावे. मधल्या दिवसांत बाजारभाव रोज बदलून फळ्यावर लिहावा. वरच्या इयत्तांतील मुलांनी घरची एखादी जुनी पट्टी आणली तर माल कोणाचा, विकला कोणी, खर्च कोणता, हे तीवरून वाचून दाखविता येते.

राजापूरच्या नुकसानीची भरपाई इंग्रज वर्षानुवर्षे मागत राहिले. १६७४ साली हेन्री ऑक्झेंडन दुभाष्या नारायण शेणवी यासह रायगडास आला. ६ जूनचा राज्याभिषेक त्याने पाहिला आणि त्याच मुक्कामात तह झाला. त्यात १०,००० होनांची भरपाई ठरली. ती रोख मोजून द्यावयाची नव्हती. इंग्रजांनी महाराजांकडून दरसाल ठराविक माल घ्यावा, त्याची निम्मीच किंमत भरावी, आणि उरलेली रक्कम राजापूरच्या जकातीतून वळती करून घ्यावी, अशी व्यवस्था होती. भरपाई हवी असेल तर राजापुरास येऊन व्यापार करणे इंग्रजांना भाग होते, आणि त्याप्रमाणे तेथील वखार पुन्हा उघडली गेली.