चिठ्ठीवरची लॅटिन अक्षरं

औषधाच्या चिठ्ठीवर गोळीच्या नावापुढे ओडी, बीडी, टीडीएस असं लिहिलेलं असतं. ही लॅटिनची लघुरूपं. युरोपात शतकानुशतकं वैद्यकाची भाषा लॅटिन होती. ओडी म्हणजे ‘ओम्नी दिए’, रोज एकदा. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना.

सर्वाधिक गैरसमज एसओएसचा. बुडत्या जहाजाच्या हाकेशी त्याचा काही संबंध नाही. मूळ शब्द ‘सी ओपुस सित’, म्हणजे गरज पडली तरच. तापाच्या गोळीपुढे एसओएस असेल, तर ताप नसताना ती घ्यायची नाही.

डोळ्यांच्या चिठ्ठीत मात्र ओडी म्हणजे ‘ओकुलुस डेक्स्टर’, उजवा डोळा! एकाच खुणेचे दोन अर्थ धोक्याचे आहेत. कोणत्या डोळ्यात, किती वेळा, हे डॉक्टरांकडून सरळ मराठीत लिहून घ्यावं.