चाकावरची काजळी
गाडी आणि आपण : लेखांक ११

गाडी धुवायला बादली भरण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारा आणि फक्त चाकं बघा. पुढची दोन काळी आणि मागची दोन जवळपास स्वच्छ असतील तर काळजी नको; आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांचं असंच असतं. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं, त्यामुळे थांबवण्याचं बरंचसं काम पुढच्या चाकांवर येतं. शिवाय पुढे उघडी डिस्क आणि मागे ड्रम. ड्रममधली धूळ झाकण लावलेल्या डब्यातल्या पिठासारखी आतच राहते, डिस्कची मात्र प्रत्येक ब्रेकला बाहेर उडते. बघायचं ते डावं-उजवं. पुढची दोन्ही चाकं सारखीच काळी हवीत.

हे मला उशिरा कळलं. एकदा महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलो आणि चहाला थांबलो, तेव्हा पुढचं डावं चाक तव्याच्या बुडासारखं दिसत होतं. उजवं नुसतं मळकट. घरी येऊन डावं जरा जास्त घासलं, एवढंच. पंधरा दिवसांत ते पुन्हा काळं. पुन्हा घासलं. पुढे भलत्याच कामासाठी गाडी गॅरेजला नेली, तेव्हा मेकॅनिकने चाकाजवळ नुसता तळहात धरला आणि म्हणाला, "साहेब, हे चाक तापतंय. पिन जाम झालीय." चाक काढलं तर बाहेरचा पॅड निम्मा शिल्लक, आतला पार पत्र्याला टेकायला आलेला. चाक दर पंधरवड्याला जे सांगत होतं, ते मी मन लावून धुऊन टाकत होतो.

ही पिन कुठली? बहुतेक गाड्यांत कॅलिपरला एकच पिस्टन असतो, तोही आतल्या बाजूला. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, मग अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो आणि बाहेरचा पॅडही डिस्कला भिडवतो. पिनांना रबरी टोप्या असतात, आत ग्रीस. टोपी फाटून पाणी-चिखल आत गेला, ग्रीस सुकलं, की सरकणं थांबतं. मग ब्रेकवरून पाय काढला तरी पॅड डिस्क सोडत नाही, घासत राहतो. चाकाच्या आतल्या अंगाला तेलकट ओघळ दिसला तर गोष्ट आणखी गंभीर. ते ब्रेक ऑइल असू शकतं. तेव्हा बादली ठेवा बाजूला आणि मेकॅनिकलाच घरी बोलवा.

आता ती काजळी. आपण तिला धूळ म्हणतो, पण रस्त्यावरच्या मातीशी तिचं फारसं नातं नाही. बिडाच्या डिस्कचा कीस, पॅडमधले धातूचे कण आणि ते बांधून ठेवणारी राळ, असा तो मामला आहे. लहान मुलांच्या खेळण्यातलं लोहचुंबक कागदात गुंडाळून त्या भुकटीवरून फिरवा. कागदावर बारीक काळे केस उभे राहतात. हे कण चाकाच्या लाखेवर चिकटतात, दव पडलं की गंजतात आणि गंजता गंजता लाखेत रुततात. म्हणून महिनाभर न धुतलेल्या अलॉयवर नंतर कितीही पाणी मारा, तपकिरी ठिपके हटत नाहीत. खाऱ्या हवेच्या गावांत तर महिनाही लागत नाही.

धुवायचं ते गार चाक. घाटातून किंवा हायवेवरून आल्या आल्या तापलेल्या डिस्कवर पाण्याचा फवारा मारू नये. बीड आहे ते, एकदम गार पडणं त्याला मानवत नाही. सावलीत अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. चाकं आधी, बाकीची गाडी नंतर. आणि चाकाची बादली, फडकं वेगळंच. लोखंडाचा कीस अडकलेलं फडकं दारावर फिरवलंत तर बारीक चरे कायमचे. गाडीचा शाम्पू, बाटल्या धुवायचा लांब ब्रश आणि जुना टूथब्रश यांत नव्वद टक्के काम होतं. मात्र अलॉयच्या आतल्या कडेपर्यंत हात घाला. पुढून चकाचक आणि आत काजळीचा थर, अशी चाकं मी भरपूर पाहिली आहेत.

रुतलेल्या ठिपक्यांसाठी 'आयर्न रिमूव्हर' मिळतो. फवारला की दोन-तीन मिनिटांत चाकावरून जांभळे ओघळ वाहू लागतात, पहिल्यांदा बघणारा दचकतोच. सडक्या अंड्यासारखा वास येतो. ब्यूटी पार्लरमध्ये केस कुरळे करायच्या लोशनचा वास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना तो ओळखू येईल; अशा बहुतेक बाटल्यांत त्याच जातीचं रसायन असतं, थायोग्लायकोलेट. ते लोखंडाला पकडून विरघळवतं, जांभळा रंग त्याचाच. हातमोजे घाला, चाकावर सुकू देऊ नका, भरपूर पाण्याने धुवा.

याउलट एका वॉशिंग सेंटरवर पोराने "दोन मिनिटांत चमकवतो" म्हणत संडास साफ करायचं ॲसिड चाकावर ओतलं. चमकलं खरं. पुढच्या पावसाळ्यात लाख पापुद्र्यांनी सुटली आणि खालचं ॲल्युमिनियम पांढरं पडलं.

कॅलिपरला मात्र वेगळा हात लावायचा. साबणपाणी, टूथब्रश, संपलं. डिझेल, रॉकेल, पेट्रोल यांतलं काहीही तिथे नको. ब्रेकमधली रबरं ब्रेक ऑइलला टिकतील अशी बनवलेली असतात, पेट्रोलियमची तेलं लागली की फुगतात. शिवाय डिझेलचा ओघळ पॅडवर गेला तर ब्रेक धरणार नाही, हे सांगायला मेकॅनिक लागत नाही. तरी 'डिझेल मारून देऊ का' हा प्रश्न विचारला जातो आणि आपण मान डोलावतो. प्रेशर पंपाची धारही त्या रबरी टोप्यांवर जवळून रोखू नका. एकदा पाणी आत शिरलं की माझी आंबेनळीची गोष्ट तुमची होईल.

कॅलिपरवर लावायची लाल प्लॅस्टिकची झाकणं ॲक्सेसरीजच्या दुकानांत टांगलेली दिसतात. रेसिंग गाडीचा आव येतो, कबूल. पण ब्रेकला वारा हवा असतो, टोपरं नव्हे.

सुकी काजळी तोंडाने फुंकू नका, गॅरेजमध्ये कॉम्प्रेसरच्या हवेनेही उडवू देऊ नका. पूर्वीच्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास असे. ते नसलं तरी इतके बारीक कण छातीत जाणं बरं नाही. ओल्या फडक्याने पुसायची. युरोपीय संघाने तर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या 'युरो ७' नियमांत पहिल्यांदाच ब्रेकच्या धुळीला मर्यादा घातली : मोटारगाड्यांना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, निव्वळ विजेवर चालणाऱ्यांना ३. विजेच्या गाड्यांत वेग कमी करण्याचं बरंच काम मोटर करते, पॅड कमी झिजतात, म्हणून हा फरक.

धुऊन झालं की गाडी तशीच उभी करू नका. सोसायटीतल्या सोसायटीत एक चक्कर मारा, दोन-चारदा हलके ब्रेक दाबा, म्हणजे डिस्क सुकेल. मागेही डिस्क असेल तर सपाट जागी हँडब्रेक न ओढता गाडी गियरमध्ये ठेवा, नाहीतर ओला पॅड डिस्कला चिकटून बसतो. एवढं करूनही सकाळी डिस्कवर नारिंगी गंज दिसेल आणि गेटपर्यंत खर्रखर्र ऐकू येईल. पहिल्या पाच-सहा ब्रेकमध्ये तो आवाज जातो. नाहीच गेला, तर गाडी परत आणून चाकं पुन्हा बघा, डावं आणि उजवं.

(पुढील लेखांकात : ब्रेक ऑइल कधी बदलायचं)