दिएन बिएन फू : खांद्यावरून जिंकलेली लढाई

लढाई म्हटली की आपल्याला तोफा आठवतात, सेनापती आठवतात. पण शिपायाच्या पोटात जायचा भात रणांगणापर्यंत आणतो कोण? व्हिएतनामच्या स्वातंत्र्ययुद्धातली निर्णायक लढाई बरीचशी याच प्रश्नावर ठरली.

नोव्हेंबर १९५३ मध्ये फ्रेंचांनी लाओसच्या सरहद्दीजवळ, दिएन बिएन फूच्या खोऱ्यात, हवाई छत्र्यांतून सैन्य उतरवले आणि तिथे ठाणे बांधले. भोवती डोंगर आणि रान. ठाण्याची रसद विमानाने यायची. शत्रूजवळ विमाने नाहीत, धड रस्ते नाहीत. मग तो या डोंगरांवर जड तोफा आणणार कशा? हिशेब कागदावर चोख होता. त्यात माणूस तेवढा धरायचा राहिला.

चीनची मदत आली, रशियन मालमोटारी आल्या, हे खरे. पण वाट अवघड झाली की तोफांना दोर लावून माणसांनी त्या ओढल्या. रसद वाहायला दोन लाखांहून अधिक स्त्रीपुरुष लागले. सायकलीला बांबू बांधायचे, दोन्ही अंगांना पोती लादायची आणि तिच्यावर न बसता ती ढकलत न्यायची. एकेका सायकलीवर दोनशे किलोंहून अधिक माल जाई. विमानांच्या भीतीने चालायचे ते बहुधा रात्री.

ही माणसे का राबली? सरकारने कामगिरी लावून दिली होती, आणि देशाची ओढही होती. पण आणखी एक कारण होते. १९४५ च्या दुष्काळात उत्तर व्हिएतनामात लाखो लोक अन्नावाचून मेले होते. कुळांच्या मानेवर खंडाचे आणि कर्जाचे ओझे होतेच. हो ची मिन्ह यांच्या सरकारने १९५३ मध्ये खंड उतरवण्याची मोहीम जोरात चालवली आणि डिसेंबरात जमीनवाटपाचा कायदा केला. आता पोते वाहणाऱ्याला पुढे स्वतःचे शेत दिसू लागले.

१३ मार्च १९५४ रोजी जनरल व्हो न्गुएन जाप यांच्या तोफा डोंगरांवरून धडाडल्या. धावपट्टी निकामी झाली, ठाण्याची नाडी आवळली गेली आणि ७ मे रोजी ते पडले. जुलैत जिनिव्हाला तह झाला. त्यावर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे आले.

पण गोष्ट इथे संपत नाही. जमीनवाटपाच्या त्या मोहिमेत पुढे निरपराध माणसेही जमीनदार ठरवून मारली गेली. १९५६ मध्ये सरकारलाच ही चूक जाहीरपणे कबूल करावी लागली. ज्या आशेने पोती उचलली गेली, तिच्याच नावाने हे घडले. विजयाच्या हिशेबात हीसुद्धा रक्कम मांडली पाहिजे.