वंशसंशोधन आणि दूरचे थोर आप्त : पुराव्याचा विचार

प्रस्तावना :
कुटुंबाची वंशावळ सिद्ध करीत असताना एखाद्या इतिहासप्रसिद्ध व्यक्तीशी आपले दूरचे नाते असल्याचे आढळणे हा अभ्यासकाच्या दृष्टीने आनंदाचा, परंतु तितकाच जोखमीचा क्षण असतो. पाठ्यपुस्तकातील नाव घरच्या वंशवेलीत येऊन बसते, म्हणून आनंद. आणि हवे ते उत्तर हाती येताच पुराव्याची चौकशी तेथेच थांबण्याचा संभव असतो, म्हणून जोखीम. असे नाते कसे शोधले जाते व कोणत्या कसोट्यांवर पारखावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

साधने आणि त्यांचे हेतू :
महाराष्ट्रात वंशसंशोधनाची साधने विपुल आहेत. त्र्यंबकेश्वरसारख्या क्षेत्रांतील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूचे नाव, गाव व पूर्वजांची नावे आढळतात. वतनाच्या तंट्यांतून महजर व करीने निर्माण झाले. इनामांच्या चौकशीसंबंधीच्या १८५२ च्या कायद्यानंतर अनेक घराण्यांना आपला हक्क कागदांनिशी मांडावा लागला. विसाव्या शतकात कित्येक कुलांनी आपले कुलवृत्तांत छापून प्रसिद्ध केले. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेले भोसले वंशचरित्र हेही याच परंपरेचे भव्य उदाहरण होय. मात्र हक्क किंवा गौरव सिद्ध करण्यासाठी लिहिलेली वंशावळ आणि निव्वळ नोंद म्हणून ठेवलेली वही यांची विश्वसनीयता सारखी मानता येत नाही.

आडनाव व पिढ्यांची कसोटी :
नाना फडणवीस (१७४२–१८००) यांचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. त्यांचे मूळ आडनाव भानू आणि मूळ गाव कोकणातील वेळास. ‘फडणीस’ हे पदावरून आलेले नाव असल्याने ते परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक घराण्यांनी धारण केले. म्हणजेच दोन फडणीस कुटुंबे एकमेकांची कोणीही नसू शकतात; उलट एक भानू व एक फडणीस भाऊबंद असू शकतात. नानांच्या मृत्यूसमयी त्यांना औरस पुत्र नव्हता. त्यामुळे ‘नानांचे थेट वंशज’ या विधानाऐवजी संबंध चुलत शाखेतून आहे काय, हे प्रथम पाहावे लागते.

नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची प्रथाही घोटाळा करते. नानांचे आजोबा बाळाजी महादजी, तर स्वतः नाना बाळाजी जनार्दन. वडिलांचे नाव नोंदलेले नसेल तर दोन पिढ्या एक होऊन जातात. यावर पिढीगणनेचा उपाय आहे. एका पिढीस २५ ते ३० वर्षे धरल्यास १७४२ व १९८० या जन्मवर्षांत सुमारे आठ ते दहा पिढ्यांचे अंतर पडते. वंशावळीत चारच नावे असतील, तर काही नावे गळाली आहेत हे उघड होय.

नात्याची व्याप्ती :
दहा पिढ्या मागे गेल्यास प्रत्येक व्यक्तीच्या पूर्वजांची १,०२४ स्थाने होतात. वीस पिढ्यांत ती १०,४८,५७६ होतात. आप्तांतील विवाहांमुळे तेच पूर्वज पुन्हा पुन्हा येतात. त्यामुळे थोर व्यक्तीशी दूरचे नाते असणे फारसे दुर्मीळ नाही. ते सिद्ध होणे दुर्मीळ आहे. धर्मशास्त्राने सापिंड्य पित्याकडून सात व मातेकडून पाच पिढ्यांपर्यंत मानले, तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती मर्यादा अनुक्रमे पाच व तीन केली. नाते कोठवर मोजावे, हा प्रश्न समाजानेही अशा रीतीने सोडविला आहे.

दत्तक आणि स्त्रिया :
वंश हा केवळ रक्ताचा विषय नाही. १८५३ मध्ये झाशीच्या गंगाधरराव नेवाळकरांनी नात्यातील आनंदराव या बालकास दत्तक घेऊन दामोदरराव हे नाव दिले. दूरचा आप्त एका दिवसात वारस झाला. पण कंपनी सरकारने ते दत्तविधान मानले नाही आणि १८५४ मध्ये संस्थान खालसा केले. वंशावळीतील एका रेघेवर राज्याचे भवितव्य अवलंबून होते.

त्याच घराण्यातील लक्ष्मीबाई या माहेरच्या मनकर्णिका तांबे. पितृवंशाच्या रूढ पद्धतीत लेकीची नोंद विवाहापाशी खुंटते आणि तिची संतती दुसऱ्या कुलाच्या वृत्तांतात जाते. दहाव्या पिढीतील १,०२४ स्थानांपैकी पित्यामागून पिता या ओळीवर फक्त एकच स्थान येते. उरलेल्या १,०२३ स्थानांकडे जाणारी प्रत्येक वाट किमान एका स्त्रीच्या नावावरून जाते. ते नाव लिहिलेले नसेल, तर ती वाट बंद होते.

समारोप :
ज्ञाताकडून अज्ञाताकडे जाणे, प्रत्येक दुव्यास शक्य तेथे दोन स्वतंत्र पुरावे देणे आणि संशयित दुवा तुटक रेघेने दाखविणे, ही शिस्त पाळल्यास कौटुंबिक कुतूहलाला संशोधनाचे मोल येते. या शिस्तीत निवड करण्याची मुभा नाही. नानांचे चुलतबंधू मोरोबा फडणीस १७७८ मध्ये राघोबादादांच्या पक्षास मिळून नानांविरुद्ध उभे राहिले. नानांशी असलेल्या नात्याचा अभिमान बाळगणाऱ्या शाखेला त्याच पानावर मोरोबांचेही नाव लिहावे लागते. ते गाळले तर उरतो तो गौरवग्रंथ, कुलवृत्तांत नव्हे.