टॉन्सिलच्या ऑपरेशननंतरचे दहा दिवस

आमच्या सहा वर्षांच्या नातवाचे टॉन्सिलचे ऑपरेशन हैदराबादला झाले. तिसऱ्या दिवशी पोर अंगणात खेळू लागले म्हणून चौथ्या दिवशी आम्ही पिशव्या भरायला घेतल्या. गावी ज्वारी काढणीला आलेली, मजूर सांगून ठेवलेले, आणि दिलसुखनगरला लेकीच्या दोन खोल्यांत आपण किती दिवस पडून राहायचे? डॉक्टरांनी "दहा दिवस शहर सोडू नका" असे बजावले होते. पण डॉक्टर सावधगिरीने चार दिवस जास्तच सांगतात, असे आम्ही मनाशी धरले. त्याच दुपारी नातवाने पाणी पिणे टाकले आणि कान धरून रडू लागला. पिशव्या रिकाम्या केल्या. सातव्या रात्री जे घडले ते पुढे सांगतो. त्यानंतर मात्र ठरवले की आपल्या शेतकरी कुटुंबांसाठी हे सविस्तर लिहावे, कारण आपल्यापैकी पुष्कळांना मुलाला घेऊन दूरच्या शहरी जावे लागते आणि घरचे काम पाठीमागून ओढत असते.

टॉन्सिल म्हणजे घशाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या मांसल गाठी. नाकाच्या मागे, टाळूच्या वर अशीच एक गाठ असते, तिला ॲडेनॉइड म्हणतात. तोंडावाटे व नाकावाटे येणारे रोगजंतू ओळखणे हे त्यांचे काम. साधारण चार ते सात वर्षांच्या वयात त्या सर्वात मोठ्या असतात आणि पुढे आपोआप लहान होतात. म्हणून नुसत्या मोठ्या दिसतात एवढ्यावरून त्या काढायच्या नसतात. पूर्वी घसा दोन-तीनदा आला की टॉन्सिल काढण्याची पद्धत होती, ती आता मागे पडली आहे. वर्षात सात वेळा, किंवा लागोपाठ दोन वर्षे दरवर्षी पाच वेळा, किंवा तीन वर्षे दरवर्षी तीन वेळा घसा तापासह चांगलाच दुखला असेल, तर ऑपरेशनचा विचार करतात. त्याहून कमी असेल तर बहुधा वाट पाहणेच बरे.

दुसरे कारण झोपेचे, आणि आमच्या नातवाचे तेच होते. तो मोठ्या माणसासारखा घोरायचा. घोरता घोरता श्वास थांबायचा, मग एकदम दचकून सुरू व्हायचा. तोंड उघडे, उशी ओली, अंथरुणात लघवी, आणि सकाळी शाळेत डुलक्या. आम्ही सगळे "आजोबांवर गेलाय" म्हणून हसायचो. दोन वर्षे हसण्यात गेली, ही चूक आमचीच. मूल झोपेत श्वास थांबवत असेल तर ते हसण्यावारी नेऊ नये. हे ऑपरेशन हैदराबादलाच होते असे नाही, आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणीही होते. आमची लेक तिथे राहते म्हणून आम्ही तिकडे गेलो.

घसा दुखण्याबाबत एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. जंतूंमुळे घसा आल्यावर डॉक्टरांनी दहा दिवसांचे औषध दिले असेल तर ते दहा दिवस पुरे करावे. तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून बाटली फळीवर ठेवली, तर काही मुलांना पुढे सांध्यांचा ताप येतो आणि त्यात हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात.

निघण्यापूर्वी नातवाला काय सांगायचे यावर घरात वाद झाला. सून म्हणाली, "चारमिनार बघायला चाललोय असं सांगू." आम्ही नको म्हटले. जे होणार ते सोप्या शब्दांत दोन-तीन दिवस आधी सांगितले: डॉक्टर तुला औषधाने झोपवतील, झोपेत काही दुखणार नाही, उठल्यावर घसा दुखेल, पुष्कळ दुखेल, पण रोज औषध मिळेल आणि आई जवळच असेल. तो रडला, मग त्याने विचारले, "माझा आवाज जाईल का?" असा प्रश्न मुलाच्या पोटात असतो हे आम्हाला ठाऊकच नव्हते. फसवून नेले असते तर तो पोटातच राहिला असता. फेब्रुवारीच्या ३ तारखेला संत ब्लेझच्या सणाला देवळात गळ्यावर आशीर्वाद घेतला आणि निघालो.

आत्याने त्याला तेलुगूचे दोन शब्द शिकवले, नोप्पी म्हणजे दुखणे आणि नीळ्ळु म्हणजे पाणी. रक्ताला तिकडेही रक्तम् म्हणतात. हैदराबादेत हिंदी सगळीकडे चालते, पण आमच्या पोराला ना हिंदी येत होती ना तेलुगू. परक्या खोलीत जाग आल्यावर "नोप्पी" एवढे म्हणता आले तरी नर्सबाई धावून येतात. त्या शब्दांचा फार उपयोग झाला.

ऑपरेशनपूर्वी डॉक्टरांना काही गोष्टी आपणहून सांगायच्या असतात. हलणारा दुधाचा दात आहे का (सहा वर्षांच्या मुलाला हमखास असतो), गेल्या पंधरवड्यात सर्दी-ताप झाला का, दमा आहे का, आणि घरात कोणाला जखमेतून फार वेळ रक्त वाहण्याची खोड आहे का. सिकलसेलचा आजार घराण्यात असेल तर तोही सांगावा. कोणते औषध चालू आहे, मग ते वैद्याचे असले तरी, लपवू नये. आणि उपाशी ठेवण्याची वेळ पाळावी. सहसा जेवण सहा तास आधी बंद करतात, साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, पण दवाखाना सांगेल तेच खरे. भुलेत पोटातले अन्न वर येऊन श्वासनळीत गेले तर जिवावर बेतते. आजीची माया इथे आडवी येते. आमच्या घरच्या आजीने पहाटे बिस्किटाचा पुडा पदराखाली घेतला होता, तो काढून घ्यावा लागला. उपवासकाळातला उपास मुलाला माफ असतो, हा मात्र कोणालाच माफ नाही.

भुलेची भीती सगळ्यांना वाटते. सुनेने त्या धास्तीने रात्र जागून काढली. योगायोग असा की भुलेच्या अभ्यासात हैदराबादचे नाव जगभर गाजलेले आहे. तेथील रेसिडेन्सी सर्जन डॉ. एडवर्ड लॉरी यांनी क्लोरोफॉर्म सुरक्षितपणे कसा द्यावा हे तपासण्यासाठी १८८८ आणि १८८९ साली दोन आयोग चालवले. निजामाने पैसा दिला आणि दुसऱ्या आयोगाला विलायतेतून डॉ. लॉडर ब्रंटन आले. लॉरींचे म्हणणे होते की नाडीकडे नको, श्वासाकडे पाहा. ते अर्धेच खरे निघाले, कारण क्लोरोफॉर्मने हृदयही बंद पडू शकते हे पुढे सिद्ध झाले. याच लॉरींच्या हाताखाली शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी या जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ मानल्या जातात. आज क्लोरोफॉर्म वापरत नाहीत. भूलतज्ज्ञ मुलाच्या उशाशी सगळा वेळ असतो, आणि श्वास, नाडी, रक्तदाब, रक्तातला प्राणवायू हे सारे यंत्रावर दिसत असते. भुलेतून उठताना मात्र मूल कधी कधी अर्धा तास वेड्यासारखे ओरडते, आईलाही ओळखत नाही. नातवाने सुनेचा हात चावला. ते भुलेमुळे असते, निवळते, आणि मुलाला पुढे आठवतही नाही.

आता मुख्य गोष्ट. टॉन्सिल काढलेल्या जागी सहसा टाके नसतात, ती उघडी जखम असते. एक-दोन दिवसांत तिच्यावर पांढरट-पिवळा थर येतो. तोंडाला घाण वास येतो. बॅटरीच्या उजेडात पाहिले तर पू झाला असे वाटते, पण तो पू नव्हे, ती घशातली खपली आहे. जुवाने सोललेल्या बैलाच्या खांद्यावर जशी खपली धरते तशीच. ही खपली साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसांत सुटते आणि त्या वेळी खालची एखादी रक्तवाहिनी उघडी पडू शकते. पहिल्या चोवीस तासांतले रक्त दवाखान्यातच लक्षात येते. हे दुसरे रक्त घरी येते, बहुधा सगळे निर्धास्त झाल्यावर. शंभरातल्या मोजक्याच मुलांना असे होते, पण आपले मूल त्या मोजक्यांत आहे की नाही हे आधी कळत नाही. दहा दिवसांचा मुक्काम सांगतात तो यासाठी.

वेदनेचेही तसेच. पहिले दोन दिवस मूल बरे दिसते, मग तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत दुखणे वाढते. कान दुखतो, कारण घसा आणि कान यांना एकाच मज्जातंतूची शाखा जाते. कानात तेल घालू नये, कानाला काही झालेले नसते. दुखते म्हणून मूल गिळत नाही, न गिळल्याने घसा कोरडा पडतो, आणि कोरडी खपली उन्हाळ्यातल्या काळ्या जमिनीसारखी भेगाळते. मग आणखी दुखते. हे चक्र औषधाने आणि पाण्याने तोडायचे. पॅरासिटामॉल रडायला लागल्यावर न देता घड्याळाप्रमाणे द्यावे. मुलाच्या वजनाच्या दर किलोला १५ मिलिग्रॅम, दर सहा तासांनी, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. १६ किलोच्या मुलाला २४० मिलिग्रॅम झाले. पण एका बाटलीत ५ मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम असते आणि दुसरीत २५०, म्हणून किती चमचे ते डॉक्टरांकडून त्याच बाटलीवर लिहून घ्यावे. ॲस्पिरिन देऊ नये, त्याने रक्त वाहते. निमेसुलाइड हे औषध १२ वर्षांखालील मुलांना देण्यास आपल्या देशात २०११ पासून मनाई आहे, तरी कोणाच्या घरी उरलेली बाटली असतेच. कोडीन असलेले खोकल्याचे औषध तर मुळीच नको, त्याने मुलाचा श्वास मंदावतो. औषधाची वेळ झाल्यावर अर्ध्या तासाने खायला द्यावे, म्हणजे घास उतरतो.

थंड दिले की घसा बसतो, असे आपल्याकडे मानतात. इथे उलट आहे. थंड पाणी, थंड दूध, आइसक्रीम यांनी आराम पडतो. दर तासाला दोन-चार घोट तरी जायला हवेत. मूल दिवसातून दोनदाच लघवीला गेले, तीही गडद पिवळी, तर पाणी कमी पडते आहे. आठ तास लघवीच नाही, तर दवाखाना गाठावा. खायला मऊ भात, कोमट पेज, केळे, दुधात कुस्करलेली भाकरी. भाकरीचा पापुद्रा काढून टाकावा. दिलसुखनगरला इडलीची सोय कोपऱ्यावर होती, ती दुधात भिजवून तो खायचा. आंबट, तिखट आणि कडक नको. जावयांनी पहिल्याच दिवशी मायेने मोसंबीचा रस आणला. एका घोटात पोर किंचाळले. तो रस आम्हीच प्यायलो.

सातव्या रात्री दोनच्या सुमारास आत्याला जाग आली. नातू झोपेत सारखा काहीतरी गिळत होता. तिने दिवा लावून त्याला उठवले तर त्याने लालभडक रक्त थुंकले. झोपेत वारंवार गिळणे ही रक्त वाहत असल्याची खूण आहे हे तिला दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगून ठेवले होते. आम्ही ऐकले नव्हते, तिने ऐकले होते. थुंकीत काळपट धागा दिसला तर त्यात घाबरण्यासारखे नाही, पण ताजे लाल रक्त, थोडेसे जरी असले, तरी सकाळची वाट पाहायची नाही. मुलाला बसवून पुढे वाकवायचे, रक्त गिळू न देता थुंकायला लावायचे, तोंडात बोट किंवा कापूस घालायचा नाही, आणि वाटेत काही खायला-प्यायला द्यायचे नाही, कारण पुन्हा भूल द्यावी लागू शकते. दिवसा दिलसुखनगरहून कोठीच्या बाजूला मेट्रोने पाचव्या स्थानकावर उतरता येते, तिथे सरकारी कान-नाक-घसा रुग्णालयही आहे. पण रात्री दोनला मेट्रो नसते. शेजारच्या रिक्षावाल्याचा नंबर आत्याने भिंतीवर लिहून ठेवला होता. तो नसता तर १०८ होतेच. वीस मिनिटांत दवाखाना गाठला. तोवर रक्त कमी होत आले होते. सलाईन लावले, रात्रभर पहारा ठेवला, दुपारी घरी सोडले.

गावी आमच्या वस्तीपासून डांबरी रस्ता पाच किलोमीटर आहे. रात्री गाडी मिळाली तरी कान-नाक-घशाच्या डॉक्टरपर्यंत पोहोचायला अडीच तास लागतात.

ज्वारी शेजाऱ्यांनी काढली. आम्ही बाराव्या दिवशी, डॉक्टरांनी घसा पाहून होकार दिल्यावर निघालो. त्यानंतरही आणखी आठवडाभर नातवाला खळ्यावर जाऊ दिले नाही, कारण कुसळाची धूळ आणि चुलीचा धूर दोन्ही नव्या घशाला झोंबतात. शाळेत दोन आठवड्यांनी पाठवले. झोपेत आता तो इतका शांत असतो की पहिले काही दिवस सून रात्री उठून त्याच्या नाकाशी हात धरून पाहायची.