ईमान पक्के, जीभ नरम

कोणत्याही दारुल इफ्ताने दिलेला फतवा काढून पाहा. आधी प्रश्न असतो, मग उत्तर, किताबांचे हवाले, आणि अगदी शेवटी दोन शब्द: वल्लाहु आलम. खरे काय ते अल्लाहच अधिक जाणतो. ज्या आलिमने उमेदीची वर्षे कुरआन, हदीस आणि फिक्ह शिकण्यात घातली, तो हे शब्द लिहिल्याशिवाय सही करत नाही. आणि आपण मोबाइलवरची तीन मिनिटांची क्लिप पाहून शेजाऱ्याची नमाज बातिल ठरवतो, तीच क्लिप खानदानाच्या ग्रुपवर टाकतो आणि निर्धास्त झोपतो.

आजकाल घराघरांत दीनची चर्चा वाढली आहे, ही आनंदाची गोष्ट. पण त्या चर्चेत 'मला माहीत नाही' हे वाक्य ऐकू येईनासे झाले आहे. त्याची किंमत नाती मोजत आहेत.

एका इमारतीत दोन मस्लक

आपल्या पुण्यात हा प्रश्न किताबातला नाही, जिन्यातला आणि स्वयंपाकघरातला आहे. कॅम्प, मोमीनपुरा, भवानी पेठ, कोंढवा इथली बहुतेक घरे हनफी. रत्नागिरी-रायगडकडून नोकरी-शिक्षणासाठी आलेली कोकणी कुटुंबे बहुधा शाफई. मुले एका वर्गात शिकतात, सोयरिकी जुळतात, आणि मग बारीकसारीक फरक समोर येतात.

असरचेच घ्या. दुपारची मूळ सावली वजा करून वस्तूची सावली तिच्याएवढी झाली की शाफई मस्लकात असरची वेळ सुरू होते. हनफी मस्लकात प्रसिद्ध मतानुसार ती दुप्पट व्हावी लागते. म्हणजे सासरची असर होईपर्यंत माहेरची होऊन बराच वेळ गेलेला. फज्रमध्ये शाफई कुनूत वाचतात, हनफी वाचत नाहीत. ताटातल्या कोळंबीचीही तीच गोष्ट. शाफईंकडे ती बेधडक हलाल. हनफींकडे समुद्रातल्या जीवांपैकी फक्त मासा हलाल. मग कोळंबी मासा आहे की नाही, यावर खुद्द हनफी उलेमांचीच दोन मते आहेत.

जिथे मोठमोठ्या आलिमांनी दोन मते शेजारी-शेजारी ठेवली, तिथे नव्या सुनेच्या ताटाकडे पाहून 'हराम!' म्हणण्याची घाई आपल्याला का व्हावी? 'आमच्या मस्लकात खात नाहीत' एवढे म्हटले तरी आपला अमल शाबूत राहतो आणि समोरच्याची इज्जतही.

कोणालाच दोष दिला नाही

हा नरमपणा काही आधुनिक काळाची उसनवारी नाही. बुखारी शरीफमध्ये बनू कुरैझाच्या वेळची घटना आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सहाबांना तिथे पोहोचूनच असर अदा करण्यास सांगितले. वाटेतच असरची वेळ झाली. काहींनी हुकूम शब्दशः घेतला आणि पोहोचेपर्यंत नमाज थांबवली. काही म्हणाले, हेतू लवकर निघण्याचा होता, नमाज टाळण्याचा नव्हे. त्यांनी वाटेतच अदा केली. हकीकत प्रेषितांच्या (स.) कानावर गेली, तेव्हा त्यांनी दोहोंपैकी कोणालाच दोष दिला नाही.

समोर प्रत्यक्ष प्रेषित (स.) होते. एका गटाला चूक ठरवणे त्यांना सहज शक्य होते. तरीही प्रामाणिक समजुतीतल्या फरकाला त्यांनी जागा दिली.

इमाम मालिक (रह.) यांच्याबद्दल सांगतात की दूरदेशाहून आलेल्या माणसाच्या बहुतेक प्रश्नांना त्यांनी 'मला ठाऊक नाही' असे उत्तर दिले. मदीनेचा इमाम हे म्हणताना लाजला नाही. अब्बासी खलिफाने त्यांची 'मुवत्ता' सर्व मुसलमानांवर बंधनकारक करण्याची तयारी दाखवली, तेव्हा त्यांनीच ती नाकारली, असेही नोंदवलेले आहे. सहाबा वेगवेगळ्या मुलखांत गेले, लोकांपर्यंत वेगवेगळ्या रिवायती पोहोचल्या, त्यांना त्यावर राहू द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. इमाम शाफई (रह.) यांनी इमाम अबू हनीफांच्या (रह.) कबरीजवळ नमाज पढताना अदब म्हणून कुनूत सोडली, ही रिवायतही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आज त्याच कुनूतवरून भुवया उंचावतात.

मशिदीच्या दारातली खात्री

आपल्या शहराच्या नावाने देशभर गाजलेले एक उदाहरण आहे. 2019 साली पुण्यातील एका मुस्लिम दांपत्याने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. स्त्रियांना मशिदीत नमाजसाठी प्रवेश मिळावा, ही त्यांची मागणी होती. त्या वेळी अनेकांनी छातीठोकपणे सांगितले की इस्लाममध्ये याला परवानगीच नाही. जानेवारी 2020 मध्ये ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने आपले प्रतिज्ञापत्र दिले. त्यात म्हटले होते की स्त्री मशिदीत जाऊन नमाज अदा करू शकते. मात्र जमाअत तिच्यावर बंधनकारक नाही, ती घरीही पढू शकते.

हे प्रकरण कोर्टापर्यंत जायला हवे होते की नको, यावर मतभेद असू शकतात. पण एक धडा सर्वांसाठी आहे. ज्याला आपण दीन समजत होतो, त्यातला काही भाग मोहल्ल्याची सवय होती. 'नाही' म्हणण्याआधी कोणी आलिमला विचारले असते, तर एका बहिणीला दारातून परत जाण्याची वेळ आली नसती.

मनात डोकावण्याचा अधिकार

सर्वांत धोकादायक खात्री दुसऱ्याच्या ईमानबद्दलची असते. हजरत उसामा (रजि.) यांनी एका लढाईत कलमा पढलेल्या माणसाला ठार केले. तो जिवाच्या भीतीने पढला, असे त्यांना वाटले. प्रेषितांनी (स.) त्यांना पुन्हापुन्हा विचारले की तू त्याचे हृदय चिरून पाहिलेस का? उसामांना (रजि.) इतका पश्चात्ताप झाला की आपण त्या दिवशीच मुसलमान झालो असतो तर बरे, असे त्यांना वाटले. आज तलवार नाही, पण 'तो कसला मुसलमान!' हे वाक्य चहाच्या टपरीवर सहज निघून जाते.

घरातल्या मुलांचाही इथेच संबंध येतो. कॉलेजात जाणारी मुलगी तकदीरबद्दल विचारते आणि बाप म्हणतो, 'तौबा कर, असले प्रश्न विचारू नयेत.' प्रश्न संपत नाही, फक्त तिचे विचारणे संपते. 'हुज्जतुल इस्लाम' म्हणून गौरवले गेलेले इमाम गझाली (रह.) यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की सुमारे दोन महिने त्यांचा इंद्रियांवर आणि बुद्धीवरही भरवसा उरला नव्हता. पुढे 1095 मध्ये बगदादच्या निझामियातले मानाचे पद त्यांनी सोडले. त्या सगळ्यातून गेलेला माणूसच दीनचा एवढा मोठा आधार ठरला. मुलीला 'चल, आपण दोघे मिळून विचारू' असे म्हटले, तर ती आपल्याजवळ राहील आणि दीनजवळही.

मग पक्के काय?

काही वाचक विचारतील, असे केले तर ईमान ढिले नाही का पडणार? तौहीद, रिसालत, आखिरत आणि पाच वक्तांची नमाज यांत 'कदाचित' नाही. अल्लाह चुकत नाही, हे आपले ईमान आहे. पण अल्लाहचा हुकूम समजून घेणारे आपण चुकू शकतो. या दोन गोष्टींतला फरक पुसला गेला की माणूस स्वतःच्या समजुतीलाच अल्लाहचा शब्द मानू लागतो, आणि तो अहंकार आहे. फरिश्त्यांनीही आपल्याला अल्लाहने शिकवले तेवढेच ठाऊक असल्याची कबुली दिली, हे सूरह बकरामध्ये आहे. हजरत मूसा (अलै.) यांना एका बंद्याकडे शिकायला जावे लागले, हे सूरह कहफमध्ये, ती सूरह आपण दर जुम्म्याला पढतो.

घरात सुरुवात सोपी आहे. क्लिप पुढे पाठवण्याआधी ओळखीच्या आलिमला दाखवावी. मसला विचारला आणि येत नसेल, तर 'विचारून सांगते' म्हणावे. दुसऱ्या मस्लकाच्या पाहुण्याला असरसाठी जानमाज आनंदाने अंथरून द्यावी. आपण उद्याच्या साध्या कामाआधीही इन्शाअल्लाह म्हणतो, कारण उद्या आपल्या हातात नाही. दुसऱ्याच्या ईमानचा निवाडाही आपल्या हातात नाही. तिथे वल्लाहु आलम म्हणून जीभ आवरणे, हेही ईमानचेच काम आहे.